संदर्भसूचीचे कर्मकांड

१

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधावरील एका संशोधक विद्यार्थिनीचा लेख मध्यंतरी एका नियतकालिकाकडून परत आला. लेखातील प्रतिपादनाविषयी परीक्षकांनी एक अक्षरही लिहिले नव्हते. संदर्भ विहित पद्धतीनुसार नाहीत, एवढाच शेरा होता. तिने मजकुरात ‘ताराबाई शिंदे, १८८२, स. गं. मालशे संपादित आवृत्ती, १९७५’ असा निर्देश केला होता. त्याऐवजी ‘(शिंदे, १९७५)’ असे लिहावे, अशी सूचना होती. तिने ती पाळली आणि लेख छापून आला.

आता हा छापील लेख वाचणाऱ्याच्या बाजूने पाहा. १९७५ साली शिंदे आडनावाच्या कुणा व्यक्तीने पुरुषांच्या ढोंगावर कोरडे ओढले, असे त्याला दिसते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीची निंदा झाली, तिला उत्तर म्हणून १८८२ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि १८८५ साली जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्याची पाठराखण केली, हा सारा कालक्रम कंसातील चार आकड्यांनी पुसून टाकला. हे शिंदे म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे नव्हेत, एवढे कळण्यासाठीही लेखाच्या अखेरची सूची उघडावी लागते. तिथेही मालशे यांचे नाव असेलच याची शाश्वती नाही.

परीक्षकांना खोटे काही छापायचे होते असे नव्हे. त्यांनी नियमाचे पालन केले. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नेमका या पालनालाच आहे. संदर्भ देणे ही लेखकाने वाचकाला दिलेली जबानी असते. मी हे कुठे वाचले, कोणत्या प्रतीत वाचले, आणि तुम्हांला ते पडताळायचे असल्यास कुठे जावे, ही तीन उत्तरे त्या जबानीत असावी लागतात. आज आपल्या नियतकालिकांतून आणि विद्यापीठांतून जे शिकवले जाते, तपासले जाते आणि ज्यावरून लेख नाकारले जातात, त्यात ही तीन उत्तरे गौण झाली असून स्वल्पविराम, कंस आणि तिरपा ठसा यांना प्राधान्य आले आहे. यालाच कर्मकांड म्हणतात. विधी यथासांग होतो, पण तो कशासाठी होता याचे भान सुटते.

२

एपीए आणि एमएलए ही नावे आपल्याकडे स्मृतिग्रंथांच्या आदराने उच्चारली जातात. म्हणून त्यांचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली बागेतील बिनशंखाच्या गोगलगाईवर एक प्रबंधिका लिहिली. लेखकाच्या नावापुढे कंसात साल देण्याच्या रीतीचा उगम सामान्यतः तिथे सांगितला जातो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९२९ साली आपल्या नियतकालिकांसाठी सात पानांचे टिपण तयार केले, त्यातून पुढे एपीए पद्धती वाढली. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची नियमपुस्तिका १९५१ची. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमावली त्याहून जुनी, १९०६ची.

या इतिहासावरून एक गोष्ट उघड होते. प्रत्येक पद्धती कुठल्या तरी एका विद्याशाखेच्या आणि मुद्रणव्यवस्थेच्या गरजेतून निघाली आहे. प्राणिशास्त्रात किंवा मानसशास्त्रात निरीक्षणाचे साल हा मजकुराचाच भाग असतो. जुने निरीक्षण नव्याने बाद ठरू शकते, म्हणून साल डोळ्यांपुढे असणे तिथे अर्थपूर्ण आहे. वाङ्मयाच्या अभ्यासात कृतीला एकच साल नसते. ती रचली केव्हा, लिहून ठेवली केव्हा, छापली केव्हा आणि आपण वाचतो ती प्रत सिद्ध केली केव्हा, अशी तीन-चार साले असतात आणि समीक्षेचा अर्धा वाद त्यांच्यामधल्या अंतराविषयी असतो.

या पद्धतींच्या कर्त्यांना त्याची जाणीव नाही, असे कुणी समजू नये. पुनर्मुद्रित ग्रंथासाठी मूळ साल आणि हाती असलेल्या आवृत्तीचे साल तिरप्या रेषेने जोडून देण्याची सोय एपीएमध्ये आहे. मूळ प्रकाशनवर्ष देण्यास एमएलएचीही आडकाठी नाही. इतकेच नव्हे, एमएलएच्या २०१६च्या आठव्या आवृत्तीने प्रत्येक प्रकारच्या साधनासाठी वेगळा साचा देण्याची जुनी रीत सोडली आणि सर्वांना लागू पडतील अशी मूलतत्त्वे सांगून बाकीचे लेखकाच्या विवेकावर सोपवले. म्हणजे ज्यांचे अनुकरण आपण करतो ते नियम बदलतात, त्यांची कारणे देतात. आणि आपण मात्र त्यांच्या कुठल्या तरी आवृत्तीचे चार पानी टाचण झेरॉक्स करून तेच प्रमाण मानतो. परक्यांचे शास्त्र घेण्यात कमीपणा काहीच नाही. शास्त्र तिथेच ठेवून नुसते सोवळे तेवढे उचलून आणणे, हा कमीपणा आहे.

प्रकाशनस्थळाचे उदाहरण घ्या. एमएलएने २०१६ साली आणि एपीएने २०१९ साली ग्रंथाच्या नोंदीतून प्रकाशनस्थळ वगळले. बड्या बहुराष्ट्रीय प्रकाशनसंस्थांच्या जगात गाव सांगून फारसे काही कळत नाही, हे त्यांचे कारण त्यांच्यापुरते योग्य आहे. पण ‘ख्रिस्तपुराण’ घ्या. फादर स्टीफन्सचा हा ग्रंथ १६१६ साली गोव्यात राशोलला रोमन लिपीत छापला गेला. सतराव्या शतकातील मुद्रित प्रती आज उपलब्ध नाहीत. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली तो मंगळूरला पुन्हा रोमन लिपीतच प्रसिद्ध केला, आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यात निघाली. राशोल, मंगळूर, पुणे ही तीन गावे म्हणजे या ग्रंथाचा सारा प्रवास आहे. त्यात धर्मांतर आहे, स्थलांतर आहे आणि लिप्यंतरही आहे. ‘(स्टीफन्स, १९५६)’ या निर्देशात त्यातले काय उरते? लिपी बदलली म्हणजे पाठ बदलला. तेव्हा भाषेविषयी एखादे विधान करणाऱ्याने कोणत्या लिपीतील प्रत वाचली हे सांगितलेच पाहिजे. त्यासाठी आपल्या एकाही नियमावलीत रकाना नाही.

३

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी लेखक आद्याक्षरांनी ओळखला जातो आणि त्या आद्याक्षरांतच त्याची वाङ्मयीन ओळख असते. ‘(कुलकर्णी, १९८५)’ असा निर्देश वाचल्यावर वाचकाने काय समजावे? जी. ए., वा. ल., गो. म., द. भि. की व. दि.? यांतल्या एकाची कथा आणि दुसऱ्याची समीक्षा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. जोशी, देशपांडे, पाटील यांची कथा वेगळी नाही. शिवाय आडनाव हे आपल्या समाजात जातीचे पहिले सूचन असते. व्यक्तीला आडनावापुरती आक्रसून तिला सगळ्या मजकुरभर त्याच खुणेने वावरायला लावणे ही केवळ तांत्रिक बाब आहे, असे मानणाऱ्यांनी थोडा विचार करावा.

टोपणनावांची तऱ्हा आणखी निराळी. ‘विशाखा’ हा १९४२चा संग्रह कुसुमाग्रजांचा आहे आणि ‘नटसम्राट’ हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचे आहे. ‘जोगवा’ आरती प्रभूंचा आणि ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांची. या लेखकांनी दोन नावे जाणूनबुजून वागवली. सूचीच्या सोयीसाठी दोन्ही एकाच आडनावाखाली गोळा केली, तर लेखकाने स्वतः आखलेली एक रेषा आपण खोडून टाकतो. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाले आणि ही विभावरी कोण, यावर मोठे वादळ उठले. त्या पुस्तकाचा निर्देश ‘(बेडेकर, १९३३)’ असा करणारा अभ्यासक वस्तुतः त्या वादळाचे कारणच नाहीसे करतो. त्या वेळी लेखिका बेडेकर नव्हत्याच. त्या बालूताई खरे होत्या. स्त्रियांच्या लेखनाविषयी लिहिताना आवरणाचे नाव हा पुरावा असतो, हे स्त्रीवादी समीक्षा करणाऱ्यांना तरी सांगावे लागू नये.

संतांना तर आडनावच नाही. पण साचा आडनाव मागतो, आणि सूची तयार करणारी संगणकप्रणाली शेवटचा शब्द उचलून पुढे ठेवते. परिणामी ‘महाराज, तुकाराम’ आणि ‘मेळा, चोखा’ अशा नोंदी प्रबंधांच्या सूचीत मिरवताना दिसतात. हसून सोडून द्यावे असा हा विनोद नाही. मार्गदर्शक, परीक्षक आणि संपादक या तिघांच्या नजरेखालून ती नोंद गेलेली असते आणि तिघांनीही तिच्यातला स्वल्पविराम तेवढा तपासलेला असतो.

४

सर्वांत मोठी हानी प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासात होते. तुकोबांचा एखादा अभंग उद्धृत करून त्यापुढे कुठल्याशा बाजारी गाथेचा पृष्ठांक दिला, तर नियमाचे समाधान होते; वाचकाच्या हाती मात्र काहीच लागत नाही. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली, इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत छापलेली गाथा, विष्णुबुवा जोग यांची सार्थ गाथा आणि देहूची गाथा यांतील अभंगांचे अनुक्रम जुळत नाहीत. कोणती गाथा आणि कोणता अभंगक्रमांक, हे सांगितल्याशिवाय संदर्भ पुरा होत नाही. आणि ते सांगितले असेल तर पृष्ठांकाची आवश्यकताच उरत नाही. ‘ज्ञानेश्वरी’ची गोष्ट तीच. एकनाथांनी शके १५०६मध्ये पाठशुद्धी केल्यानंतरची परंपरा आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली प्रत यांत ओव्यांची संख्या, क्रम आणि शब्दांची रूपे वेगळी आहेत. भाषेच्या इतिहासाविषयी बोलणारा राजवाडे प्रतीतील रूप उद्धृत करून सूचीत एखादी सांप्रदायिक आवृत्ती नोंदवील, तर त्याच्या विधानाचा पायाच ढासळतो. ‘लीळाचरित्रा’त ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या आवृत्त्यांतील लीळांचे क्रम वेगवेगळे आहेत. तरी ‘(म्हाइंभट, १९७८)’ एवढ्यावर भागवणारे लेख छापले जातातच.

शकाचाही घोटाळा यातलाच. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा फक्त शालिवाहन शक छापलेला असतो. शके १८०५ म्हणजे इसवी सन १८८३-८४. तो आकडा जसाच्या तसा कंसात उचलला गेला, की फुल्यांच्या उमेदीच्या काळातले पुस्तक पेशवाईत जाऊन पडते. नोंद मात्र बिनचूक दिसते, कारण नियमाला चार आकडे हवे असतात आणि चार आकडे तिथे असतात.

५

परदेशी पद्धती नाकारली तर आपल्याकडे दुसरे आहे काय, असा प्रश्न विचारला जातो. पुष्कळ आहे. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक कागदाला लेखांक दिला. त्यामुळे खंड आणि लेखांक एवढे दोन आकडे सांगितले, की मराठी इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाला तो कागद काढता येतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिच्या पानापानावर, कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितात आहे, याचा तळाशी हिशेब दिलेला आहे. अ. का. प्रियोळकर यांनी १९३५ साली रघुनाथ पंडिताचे ‘दमयंती स्वयंवर’ संपादिताना मराठी ग्रंथासाठी तीच शिस्त पत्करली. शंकर गणेश दाते यांनी १८००पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची केली. ‘तत्रैव’, ‘उपरिनिर्दिष्ट’, ‘संपा.’, ‘पृ.’ हे आपले संकेत त्या शिस्तीतूनच रुळले.

या मंडळींनी नियमावली मागवली नव्हती. वाचकाला मूळ साधनापर्यंत पोचवायचे, एवढा एकच नियम त्यांनी मानला आणि साधनाच्या प्रकृतीनुसार त्याला रूप दिले. ओवी असेल तर अध्याय व ओवी, लीळा असेल तर भाग व लीळा, पत्र असेल तर खंड व लेखांक, नियतकालिक असेल तर वर्ष, अंक आणि महिना. ही परंपरा विद्यमान असताना तिचा उल्लेखही न करता संशोधनपद्धतीचे अभ्यासक्रम शिकवले जातात, हे आपल्या विद्याव्यवहारातील विस्मरणाचे लक्षण आहे.

६

इथवर जे सांगितले ते अज्ञानाविषयी होते. आता अप्रामाणिकपणाविषयी बोलायला हवे, कारण कर्मकांडाचा खरा उपयोग तोच लपवण्यासाठी होतो.

मराठी समीक्षेत पाश्चात्त्य सिद्धान्तकारांची नावे मुबलक असतात. त्यांतील किती ग्रंथ लेखकाने प्रत्यक्ष पाहिलेले असतात? सोस्यूरचे उदाहरण पुरे आहे. ज्या ग्रंथाला आपण सोस्यूरचा ग्रंथ म्हणतो तो त्याने लिहिलेलाच नाही. १९१३ साली तो वारला. १९१६ साली बायी आणि सेशए या दोघा सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या टिपणवह्यांवरून तो सिद्ध केला. त्याचे वेड बास्किन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५९चे, रॉय हॅरिस यांचे १९८३चे. बास्किन ज्यांना सिग्निफायर आणि सिग्निफाइड म्हणतात त्यांना हॅरिस सिग्नल आणि सिग्निफिकेशन म्हणतात. तेव्हा मराठीत चिन्हक आणि चिन्हित यांविषयी वाद घालताना आपण कोणाचे भाषांतर वाचले हे सांगणे अपरिहार्य ठरते. आपल्या लेखांत मात्र ‘(सोस्यूर, १९१६)’ असे असते. लेखकाने फ्रेंच तर सोडाच, इंग्रजीही पाहिलेले नसते. एखाद्या मराठी परिचयग्रंथातील परिच्छेद त्याने उचललेला असतो. त्या परिचयग्रंथाच्या कर्त्याचे श्रम सूचीत दिसत नाहीत, कारण मराठी ग्रंथापेक्षा फ्रेंच नाव भारदस्त दिसते. साचा मात्र निर्दोष असतो. दुय्यम साधनावरून घेतल्याचे सांगण्याची सोय प्रत्येक पद्धतीत आहे. तीच तेवढी कोणी शिकवत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी साम्याचे टक्के ठरवले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही. मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी २०१९ साली आली आणि २०२५ साली आयोगाने ती मोडीत काढली. बढतीचे गुण आणि लेखांची संख्या यांच्या या कारभारात संदर्भ वाचायला कोणाला सवड असणार? ते मोजले जातात. मोजण्यासाठी साचा सोयीचा असतो.

या सोयीचे अखेरचे टोकही आता आपण पाहिले आहे. संवादयंत्रे सांगाल त्या विषयावर सांगाल त्या पद्धतीने संदर्भसूची तयार करून देतात. लेखकाचे नाव, साल, पृष्ठांक, विरामचिन्हे सारे यथास्थित, आणि ग्रंथ अस्तित्वात नसतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली अशाच काल्पनिक निवाड्यांचे दाखले न्यायालयात सादर केल्याबद्दल दोन वकिलांना दंड झाला. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. निर्दोष रूप म्हणजेच संदर्भ, ही आपलीच शिकवण त्याने पुरी करून दाखवली. ज्या नियतकालिकाचा परीक्षक फक्त रूप तपासतो, त्याच्यापुढे यंत्राची सूची आणि अभ्यासकाची सूची यांत फरक उरत नाही. उलट अभ्यासकाच्याच सूचीत एखादा कंस चुकलेला असण्याचा संभव अधिक.

७

यावर येणारा आक्षेप ठाऊक आहे. एकरूपता नसेल तर अराजक माजेल, विद्यार्थ्याला निश्चित नियम हवा असतो, आणि मराठी संशोधन जगापुढे न्यायचे तर जगाची पद्धत स्वीकारावी लागते. यातील पहिली दोन विधाने मान्य आहेत. एका नियतकालिकात एकच पद्धत असावी आणि ती स्पष्ट लिहिलेली असावी. तिसऱ्याविषयी इतकेच म्हणता येईल, की जगातील ज्या अभ्यासकाला तुकोबांविषयी आस्था आहे त्याला गाथेची आवृत्ती आणि अभंगाचा क्रमांक हवा असतो. महाराजांचे आडनाव त्याने कधीच मागितलेले नाही.

तेव्हा मागणी शिथिलतेची नाही. ती अधिक कठोर शिस्तीची आहे. ग्रंथकर्त्याचे नाव त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर असेल तसे द्यावे. खरे नाव माहीत असल्यास चौकटी कंसात द्यावे आणि एकाकडून दुसऱ्याकडे निर्देश करावा. मजकुरात आडनावापूर्वी आद्याक्षरे द्यावीत. पुनर्मुद्रित ग्रंथाची दोन्ही साले द्यावीत, आणि लेख आधी नियतकालिकात आला असेल तर तो अंकही नोंदवावा. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथे’तील कितीतरी लेखांची वये त्यांच्या नंतरच्या संग्रहांवरून चुकीची लावली जातात. प्राचीन ग्रंथाच्या बाबतीत संपादक, आवृत्ती आणि ओवी, अभंग वा लीळेचा क्रमांक अनिवार्य मानावा. शक असेल तर शक म्हणून लिहावा आणि पुढे इसवी सन द्यावा. भाषांतर वाचले असेल तर भाषांतरकाराचे नाव, आणि दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतले असेल तर त्या दुसऱ्याचे नाव, यांवाचून लेख स्वीकारू नये.

आणि संपादकांनी एक काम स्वतःवर घ्यावे. प्रत्येक लेखातील पाच संदर्भ, कोणतेही पाच, ग्रंथालयात जाऊन प्रत्यक्ष काढून पाहावेत. ते जागेवर सापडले, तर स्वल्पविराम कार्यालयातील मुद्रितशोधक दुरुस्त करील. ते सापडले नाहीत, तर लेख परत पाठवावा आणि परत पाठवण्याचे कारण त्यावर स्पष्ट शब्दांत लिहावे. ताराबाईंवर लिहिणाऱ्या त्या विद्यार्थिनीला असा शेरा मिळाला नाही, कारण तिचे संदर्भ जागेवर होते. तिला ते हलवायला लावणाऱ्यांनी निदान तिचा मूळ मजकूर पुन्हा एकदा वाचून पाहावा.